पट कोणी आखला?

शेवटचा पेपर झाला, ओरल्स उरकल्या, सबमिशनच्या फायली एकदाच्या जमा झाल्या. आता महिना-दीड महिना आपला. दोन दिवस झोप काढून झाली की घरात ठरलेले दोन डायलॉग सुरू होतात. एकीकडून, ‘अरे, किती वेळ तो मोबाइल!’ आणि दुसरीकडून, ‘अगं, एकदा तरी देवळात चल आमच्याबरोबर.’ आपलं उत्तरही ठरलेलं असतं, ‘मॅच संपू दे, येतो.’

या तिन्ही गोष्टी, म्हणजे देव, गेम आणि ‘जरा काहीतरी क्रिएटिव्ह कर’ हा सल्ला, आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पण लहानपणी आजीसोबत खेळलेली सापशिडी आठवा. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण, आणि सगळ्यात वर मोक्ष. मराठी परंपरा हा खेळ ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. पुढे तो इंग्लंडला गेला आणि मोक्ष गळून नुसते साप आणि शिड्या उरल्या. म्हणजे श्रद्धा, कल्पकता आणि खेळ एकेकाळी एकाच कापडावर रंगवलेले होते. कुणीतरी बसून ठरवलं होतं की खेळणाऱ्याला कुठे चढवायचं आणि कुठे पाडायचं.

आजही कुणीतरी ते ठरवतंच. म्हणून या सुट्टीसाठी पुस्तकं सुचवताना आम्ही एकच प्रश्न समोर ठेवला: आपण ज्यात रमतो, तो पट आखला कोणी?

श्रद्धेपासून सुरुवात करू. कॉलेजच्या ग्रुपवर हा विषय निघाला की दोन मिनिटांत कुणीतरी चिडतं आणि कुणीतरी ग्रुप सोडतं. अशा वेळी दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ हाती घ्या. १९६४ साली आलेलं हे पुस्तक म्हणजे आळंदी ते पंढरपूर पायी केलेल्या वारीचा वृत्तान्त. मोकाशी माळकरी म्हणून गेले नव्हते, आणि टिंगल करायलाही गेले नव्हते. ते लोकांबरोबर चालले, त्यांच्याशी बोलले, आणि आपल्याला पूर्ण विरघळता येत नाही हेही त्यांनी लपवलं नाही. सोबत अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी कवितासंग्रह ठेवा. त्याला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला होता. पुस्तक बारीक आहे, एका दुपारी वाचून होतं. मात्र खंडोबाच्या गडावरचं त्यातलं तिरकस बघणं डोक्यातून लवकर जात नाही. भक्त किंवा विरोधक, या दोनच टीम नसतात, हे ही दोन पुस्तकं भाषण न देता सांगतात.

दुसरा विषय क्रिएटिव्हिटी. हा शब्द आपण इतका वापरलाय की रील एडिट केली तरी तो चिकटतो. चित्रकार प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचलं की या शब्दाचं वजन कळतं. वस्तू, आकार आणि मोकळी जागा यांच्याकडे चित्रकार कसा बघतो, हे बरवे सोप्या मराठीत उलगडतात. घड्याळ किंवा पानासारखी रोजची साधी वस्तू त्यांच्या चित्रात येते तेव्हा ती किती वेळ बघितली गेली असेल, याचा अंदाज येतो. चित्रकलेचा गंध नसला तरी चालेल. हे पुस्तक बघायला शिकवतं, आणि घाई असलेल्याला ते जमत नाही.

आता तुमच्या लाडक्या विषयाकडे. जेसन श्रायर या पत्रकाराचं ‘ब्लड, स्वेट अँड पिक्सेल्स’ (२०१७) दहा गेम्स कशा बनल्या त्याची गोष्ट सांगतं. त्यात ‘स्टारड्यू व्हॅली’चा एरिक बॅरोन आहे. चित्रं, संगीत, कोड, कथा सगळं एकट्याने करत तो चार वर्षांहून अधिक काळ बसला होता. खर्चासाठी थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा. मोठ्या स्टुडिओंमधली रात्रंदिवस चालणारी पिळवणूकही त्यात आहे. गेम डिझाइनमध्ये करिअर करायचं म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आणि एक पुस्तक जरा कडू. नताशा डाऊ शूल यांचं ‘अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन’ (२०१२). विषय लास वेगासमधल्या जुगाराच्या मशीनचा. पण वाचताना आपलाच फोन आठवत राहतो. तिथले खेळणारे सांगतात की जिंकणं हा मुद्दाच उरलेला नाही, फक्त खेळत राहायचंय. आणि मशीन बनवणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. मेसचे पैसे अ‍ॅपवर घालवून गप्प झालेला एखादा मित्र तुमच्याही ओळखीचा असेल. पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा २०२५ मध्ये संसदेने केला. पण कायदा अ‍ॅप बंद करू शकतो, ‘अजून एकच’ ही ओढ नाही. त्या मित्राला ‘तुझ्यात कंट्रोल नाही’ म्हणण्याआधी हे पुस्तक वाचा. दोष सगळा त्याचाच नव्हता, हे कळलं तर त्याच्याशी बोलणं सोपं जाईल.

गेम सोडा असं आम्ही म्हणत नाही. देवळात जा किंवा जाऊ नका, हेही सांगणार नाही. रमणं वाईट नसतं. वारकरी चालण्यात रमतो, चित्रकार रेषेत आणि तुम्ही मॅचमध्ये. फरक एवढाच बघायचा की रमून बाहेर आल्यावर हातात काही उरतं का, आणि बाहेर यायचं दार आपल्याला सापडतं का.

सगळी पाच वाचायलाच हवीत असंही नाही. मराठी पुस्तकं गावातल्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, इंग्रजी कॉलेजच्या लायब्ररीत. नसतील तर मागणी नोंदवा, मागितल्याशिवाय कुणी आणत नाही. एक वाचा आणि ज्याच्याशी या विषयावर वाजलं होतं त्यालाच ते द्या. आणि एखाद्या संध्याकाळी आजीला विचारा, तिच्या लहानपणच्या सापशिडीत सापाच्या तोंडाशी काय लिहिलेलं असायचं. मॅच तेवढा वेळ थांबेल.