लग्नाची गाठ आणि व्हिसाची तारीख

आपल्याकडे मुलीचे लग्न झाले की तिचा पत्ता बदलतो, आडनाव बदलते, रेशनकार्डावरचे घर बदलते. तिने सासरी राहावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सरकारला आहे, अशी शंकाही कोणाच्या मनात येत नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, की सून घरची झाली. वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल. पण सून किंवा जावई परदेशी असेल, तर कायदा असे मानत नाही. कायद्याच्या लेखी ती आधी परकीय नागरिक असते आणि मग कोणाची तरी पत्नी. तिला दिलेल्या व्हिसावर जी तारीख छापलेली असते, तिच्यापुढे मंगळसूत्राचे काही चालत नाही.

वाशिमसारख्या आडबाजूच्या जिल्ह्यात हा प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. पण विदर्भाला परमुलखातील सून काही नवी नाही. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच वाकाटकांच्या नंदिवर्धन येथील दुसऱ्या शाखेत गुप्तांची लेक प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली आणि पती निवर्तल्यावर लहान मुलाच्या नावाने तिने राज्यकारभारही पाहिला. तिला कोणी व्हिसा विचारला नाही. आज रिसोड, कारंजा, मंगरूळपीरची मुले-मुली पुण्याहून आखातात, युरोपात, अमेरिकेत जातात. त्यांतली काही तिकडेच जोडीदार निवडतात, काही त्याला घेऊन गावी येतात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा लहान असला, तरी परकीय नागरिकांच्या नोंदणीचे काम जसे इतर जिल्ह्यांत, तसे इथेही पोलिस अधीक्षकांकडेच असते. म्हणजे हा प्रश्न आता फक्त मुंबईचा राहिलेला नाही.

तारीख कशी चुकते?

व्हिसाची मुदत ओलांडणारी माणसे लबाडच असतात, असा एक समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक घरांतला क्रम साधारण सारखाच असतो. सून पर्यटक व्हिसावर येते. लग्न लागते, नातेवाइकांकडे केळवणे होतात. मग दिवस जातात, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. विवाहनोंदणीचा दाखला मिळायला वेळ लागतो, कारण तिच्या देशातून अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र यायचे असते. कोणी एजंट सांगतो, ‘काही होत नाही, नंतर पाहू.’ आणि एके दिवशी लक्षात येते की, तारीख उलटून तीन महिने झाले. मग भीती वाटते. भीतीपोटी कचेरीत जाणे टळते, आणि तीन महिन्यांचे तेरा महिने होतात.

खरे तर मुदत शिल्लक असताना ही गोष्ट अवघड नसते. भारतीय नागरिकाशी विवाह झाला, तर पर्यटक व्हिसाचे रूपांतर ‘एंट्री’ व्हिसात करून मागता येते. २०१८ पासून हा अर्ज इंटरनेटवरूनही करता येतो. नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे झाली की परकीय जोडीदाराला ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या कार्डासाठीही अर्ज करता येतो. मात्र तो किंवा त्याचे वाडवडील पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असतील, तर नाही. मुदत टळल्यानंतर मात्र सगळे चित्र पालटते. दंड भरून, कारण पटवून राहणे नियमित करून घेता येते. पण तो हक्क नसतो, अधिकाऱ्याचा निर्णय असतो. परकीय माणसालाही जीविताचा व स्वातंत्र्याचा मूलभूत हक्क आहे, पण इथे वास्तव्य करून स्थायिक होण्याचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये लुईस डी राएड या बेल्जियन मिशनऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केले. ते गृहस्थ १९३७ पासून भारतात राहत होते!

‘नातू तर इथलाच ना?’

अशाच एका घरातील सासूबाईंनी मला विचारले, ‘भाऊ, सुनेचं काय व्हायचं ते होवो, पण नातू तर इथलाच ना?’ बाप याच मातीतला, जन्म इथल्या दवाखान्यातला, दाखला इथला. त्यांना ‘हो’ म्हणावे असे फार वाटले. पण नागरिकत्वाचा कायदा ‘हो’ म्हणू देत नाही.

हा कायदा १९५५ चा. त्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली. त्या दिवसापासून भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय ठरण्यासाठी दोन्ही पालक भारतीय हवेत. किंवा एक भारतीय असेल, तर दुसरा बाळाच्या जन्माच्या वेळी ‘बेकायदा स्थलांतरित’ असता कामा नये. आता बेकायदा स्थलांतरित म्हणजे कोण? कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून आलेला, हे तर झालेच. पण त्याच व्याख्येत वैध पासपोर्ट-व्हिसावर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेलाही बसविला आहे. म्हणजे रात्रीच्या अंधारात कुंपणाखालून शिरलेला माणूस आणि बाळंतपणामुळे विमान चुकलेली सून, दोघेही एकाच माळेचे मणी!

याचे परिणाम दोन. पहिला सुनेवर. भारतीयाशी विवाह झालेल्या आणि सात वर्षे इथे राहिलेल्या व्यक्तीला कलम ५ खाली नोंदणीने नागरिकत्व मागता येते. पण बेकायदा स्थलांतरिताला ते दार बंद आहे. दुसरा परिणाम बाळावर. आईच्या पासपोर्टावरची चूक त्याच्या जन्मदाखल्याला चिकटते. दाखला मिळतो, पण तो नागरिकत्वाचा पुरावा ठरत नाही. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार कोणत्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंद करू शकते, अशी तरतूद त्याच कलमात आहे. पण वाशिमच्या घरातून दिल्लीच्या दारापर्यंत जायचे, ते किती जणांना जमणार? १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्या मुलांना हा ताप नव्हता. आई किंवा बाप, दोघांपैकी एक भारतीय असला की पुरत असे.

कायद्याची दोन तोंडे

यातली विसंगती अशी की, शिक्षेच्या वेळी सरकारला हा फरक नीट कळतो. १९४६ चा परकीय नागरिक कायदा रद्द करून आणलेला ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. त्यात वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तर व्हिसाची मुदत ओलांडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कागदपत्रे वापरणाऱ्यास त्याहून कठोर शिक्षा आहे. म्हणजे फौजदारी कायदा तीन गुन्हे तीन तराजूंत तोलतो. मग नागरिकत्वाचा कायदा पहिल्या दोघांना एकाच तराजूत का घालतो?

या कायद्यात लग्नाकडे पाहण्याची दृष्टीही वेळोवेळी बदलली आहे. १९५५ मध्ये ही सवलत फक्त भारतीय पुरुषांच्या बायकांना होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला ती नव्हती. जणू घर फक्त पुरुषाचे असते. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ हा शब्द जाऊन ‘व्यक्ती’ आला, हे चांगले झाले. मात्र तेव्हा ‘विवाहित असलेली किंवा पूर्वी विवाहित होती अशी’ व्यक्ती असा जो उल्लेख होता, त्यातला दुसरा भाग २००३ च्या दुरुस्तीत गळला. म्हणजे सात वर्षे पुरी होण्याआधी नवरा वारला, तर परदेशी विधवेला विवाहाच्या आधारे अर्जच करता येत नाही. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भाने परमुलखातील विधवा सुनेच्या हाती राज्य दिले होते. आजचा कायदा तिला हा अर्जही भरू देत नाही.

सवलती द्यायच्याच नाहीत, असे काही सरकारचे धोरण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना ‘बेकायदा स्थलांतरित’ या व्याख्येतून वगळले. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये, अशा लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले गेले. त्यांत नागपूर होते. जरीपटक्यातील कित्येक सिंधी कुटुंबांना हा विषय ठाऊक आहे. भारतीयांशी लग्न केलेल्या पाकिस्तानी व बांगलादेशी स्त्रियांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सोय आहे. एका पाकिस्तानी पत्नीला असा व्हिसा असतानाही दिलेली देश सोडण्याची नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, तेव्हाही दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम ठेवले. कमी मुदतीच्या व्हिसावर असलेल्यांना मात्र अटारीचा रस्ता धरावा लागला. नात्याने पत्नी तीच. फरक फक्त कागदाचा.

आपल्या लेकी परदेशात

हा प्रश्न फक्त येणाऱ्या सुनांचा नाही, जाणाऱ्या लेकींचाही आहे. अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मुलीला वाटते, पासपोर्टावर चिकटवलेल्या व्हिसाची तारीख तीच राहण्याची तारीख. तसे नसते. विमानतळावरचा अधिकारी ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत जी तारीख देतो, ती खरी. पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर पुष्कळदा तो तिथपर्यंतचीच तारीख देतो. नवऱ्याची मुदत तीन वर्षे आणि बायकोची एक, असे त्यामुळे घडते, आणि ते कळते फार उशिरा.

तिथला कायदा एका बाबतीत आपल्यापेक्षा उदार आहे. रीतसर तपासणी होऊन आत आलेली व्यक्ती अमेरिकन नागरिकाची पती वा पत्नी असेल, तर व्हिसाची मुदत टळली असली तरी देशातूनच कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. नवऱ्याकडे नुसते ग्रीन कार्ड असेल, तर ही सवलत सहसा मिळत नाही. आणि दुसऱ्या बाबतीत हाच कायदा फार कठोर आहे. १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडला, तर तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक काळ राहून सोडला, तर दहा वर्षे परत येता येत नाही. ही बंदी राहण्याने लागत नाही, निघण्याने लागते! वडिलांच्या तेराव्यासाठी घाईने विमानात बसलेली लेक दहा वर्षे नवऱ्याला आणि मुलांना पारखी होऊ शकते. तेव्हा, असा संशय जरी असला, तरी तिथल्या वकिलाला विचारल्यावाचून ‘लगेच निघून ये’ असे मुलीला फोनवरून सांगू नका.

खोट्या लग्नांचे काय?

व्हिसासाठी खोटी लग्ने होतात, ही हरकत खरी आहे. सुरक्षेचा प्रश्नही खोटा नाही. पण त्यावर उपाय आहेत. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर आधी दोन वर्षांचे सशर्त कार्ड देतात आणि संसार खरा आहे हे पुन्हा तपासून मगच ते कायम करतात. आपल्याकडे तर तपासणे आणखी सोपे आहे. सूनबाई खरोखर घरात राहते की नाही, हे गल्लीतल्या चार घरांना विचारले तरी पुरे. पोलिस पाटील कोठे गेला आहे?

माझ्या मते चार गोष्टी व्हायला हव्यात. वैध व्हिसावर आलेल्या आणि भारतीयाशी नोंदणीकृत विवाह केलेल्या व्यक्तीला ‘बेकायदा स्थलांतरित’ या व्याख्येतून वेगळे काढावे, आणि ठरावीक मुदतीत दंड भरून वास्तव्य नियमित करून घेण्याचा तिला हक्क द्यावा. आई-बापांपैकी एक भारतीय असेल, तर इथे जन्मलेले बाळ भारतीय, हा २००४ पूर्वीचा नियम परत आणावा. विधवेचा गळलेला शब्द पुन्हा कायद्यात घालावा. आणि या अर्जांचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर व्हावा. नागपूरला जे काम सोपविता आले, ते वाशिमला का नाही?

तोपर्यंत घरातल्या मोठ्यांनी आपल्या हातातले तरी करावे. लग्नाचा मुहूर्त काढताना व्हिसाची तारीखही पाहावी. विवाहनोंदणी लांबवू नये. सुनेचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात नव्हे, तिच्याजवळ असावा. नवऱ्याचे मन उद्या फिरले, तर त्या कागदाशिवाय तिला ना सासर, ना माहेर. तारीख टळली असेल, तर एजंटाकडे न जाता डॉक्टरचे प्रमाणपत्र, विवाहाचा दाखला आणि चांगला वकील बरोबर घेऊन पोलिस अधीक्षक कार्यालयाच्या परकीय नागरिक नोंदणी शाखेत स्वतः जावे. घरात बाळ येणार असेल, तर हे त्याच्या जन्माआधी करावे. कारण कायदा जन्माच्या दिवशी आईचा कागद पाहतो, आणि तो दिवस पुन्हा येत नाही.