माप एकच असावे

२०२२ सालच्या दिवाळीत ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि आपल्याकडील वर्तमानपत्रांचे रकाने कौतुकाने भरून गेले. ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले त्यांच्या गादीवर आपला माणूस बसला, असा एकंदर सूर होता. खोटे कशाला बोलू, मलाही आनंद झाला. पण तो ओसरल्यावर एक प्रश्न मनात घर करून राहिला. सुनक ज्या हुजूर पक्षाचे पुढारी, त्याच पक्षाचे इनॉक पॉवेल १९६८ साली सुनक यांच्या आईवडिलांसारख्या लोकांना ब्रिटनचे दार बंद व्हावे म्हणून आकाशपाताळ एक करीत होते. मग पॉवेल सर्वस्वी चुकले होते काय? आणि चुकले असतील तर मुंबईत परप्रांतीयांविषयी आपण जे बोलतो त्याचे काय?

पॉवेल हे काही अडाणी गृहस्थ नव्हते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते सिडनीत ग्रीकचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात असताना ते उर्दू शिकले. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे केलेल्या भाषणात त्यांनी व्हर्जिलच्या महाकाव्यातील रक्ताने फेसाळलेल्या टायबर नदीचा दाखला दिला आणि जुन्या वसाहतींतून येणाऱ्या लोकांमुळे इंग्लंडवर तसाच प्रसंग ओढवेल, असे भाकीत केले. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना आपल्या छाया मंत्रिमंडळातून काढून टाकले. परंतु आणखी दोन दिवसांनी लंडनच्या गोदीतील कामगार, म्हणजे मजूर पक्षाचे हक्काचे मतदार, पॉवेल यांच्या समर्थनार्थ पार्लमेंटवर मोर्चा घेऊन गेले.

डाव्यांनी खरा विचार करायला हवा होता तो इथे. कामगारांचे प्रतिनिधित्व आपल्याकडे आहे असे म्हणणाऱ्यांनी, कामगार एका हुजूर पुढाऱ्यामागे का गेला, हे त्याच्या चाळीत जाऊन विचारायचे असते. पुष्कळांनी त्याला वर्णद्वेष्टा ठरवून विषय संपवला. आणि सत्तेवर असलेल्या मजूर सरकारने काय केले? त्याच वर्षी, पॉवेल यांच्या भाषणापूर्वीच, अवघ्या तीन दिवसांत कायदा संमत करून केनियातील ब्रिटिश पारपत्रधारक आशियाई लोकांची वाट अडवली. तोंडाने विश्वबंधुत्व आणि हाताने दाराला कडी, असा हा प्रकार होता.

पुराणमतवाद्यांच्या टीकेत तथ्य आहे असे मला वाटते, ते ब्रॅडफर्डच्या एका प्रकरणामुळे. तेथील एका शाळेचे मुख्याध्यापक रे हनीफर्ड यांनी १९८४ साली रॉजर स्क्रूटन यांच्या ‘सॅल्सबरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांच्या शाळेत बहुसंख्य मुले आशियाई घरांतील होती. या मुलांना उत्तम इंग्रजी यायला हवे, शाळेच्या दिवसांत त्यांना महिनोन्‌महिने पाकिस्तानात नेऊ नये, आणि बहुसांस्कृतिकतेच्या नावाखाली त्यांना वेगळे पाडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. लेखाची भाषा मात्र बोचरी होती. भारतीय उपखंडातील लोकांच्या स्वभावाविषयी त्यात तुच्छतेचे शब्द होते आणि त्यांचे समर्थन कोणी करू नये. पण शब्दांवर राग काढताना मुद्दाही फेकून दिला गेला. शाळेबाहेर निदर्शने झाली, निलंबन झाले, कोर्टकचेरी झाली आणि १९८५ च्या अखेरीस हनीफर्ड मुदतीपूर्वी निवृत्त झाले.

पुढे जुलै २००१ मध्ये याच ब्रॅडफर्डमध्ये दंगल उसळली. मजूर सरकारनेच टेड कॅंटल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी करविली. या शहरांतील समाज एकमेकांना समांतर आयुष्ये जगत आहेत, शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. म्हणजे मुख्याध्यापकाने जे आधी सांगितले, ते मान्य व्हायला सतरा वर्षे आणि एक दंगल लागली. याहून भयंकर प्रकरण रॉदरहॅमचे. १९९७ ते २०१३ या काळात तेथे सुमारे चौदाशे अल्पवयीन मुलांचे लैंगिक शोषण झाले, असा अंदाज ॲलेक्सिस जे यांच्या २०१४ च्या अहवालात आहे. बहुतेक आरोपी ‘आशियाई’ असल्याचे त्या मुलांनी सांगितले होते. आणि आपल्याला वर्णद्वेष्टे म्हटले जाईल या भीतीने काही कर्मचारी ते बोलायला कचरले. गुन्हा गुन्हेगारांचा, त्यांच्या साऱ्या समाजाचा नव्हे, हे खरेच. पण ज्या विचारसरणीने दुबळ्यांची बाजू घ्यायची, तिच्या धाकाने दुबळ्या पोरींचा आवाज दाबला जावा, यासारखा पराभव नाही.

मग पुराणमतवाद्यांच्या पंगतीत मी का बसत नाही? कारण संस्कृती ही शिकण्याची गोष्ट आहे, हे त्यांच्यातील पुष्कळजण सोयीस्करपणे विसरतात आणि ती रक्तातून येते असे धरून चालतात. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले. हीथ यांच्या हुजूर सरकारने सुमारे अठ्ठावीस हजार लोकांना आसरा दिला. इकडे लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे कळवले. लोक तरीही आले. त्यांनी दुकाने काढली, कारखाने काढले, मुले शिकवली. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये आशियाई वंशाचे लोक गोऱ्यांपेक्षा अधिक भरले. पॉवेल यांची टायबर काही रक्ताने फेसाळली नाही. प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडातून आलेले. २०२२ साली निर्वासितांना रवांडात धाडण्याची योजना गृहमंत्री या नात्याने त्यांनीच जाहीर केली. ‘इंग्रज’ होणे शिकता येते, याचा यापेक्षा विनोदी पुरावा कोणता हवा?

शिवाय दार उघडणारा हात नेहमी डावाच असतो असेही नाही. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात ब्रिटनमध्ये जाणाऱ्यांपेक्षा येणारे नऊ लाखांहून अधिक भरले, ते सुनक यांच्याच पक्षाच्या राजवटीत. रुग्णालयांना परिचारिका हव्यात, विद्यापीठांना शुल्क हवे, मालकाला स्वस्त मजूर हवा. माणसे बोलावते बाजारपेठ आणि शिव्या खातात आलेली माणसे.

आता स्वतःकडे वळतो. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. तेथे गणपती बसतो, मुलांच्या कानांवर मराठी पडते, यात इंग्लंडशी बेइमानी आहे असे आपण मानत नाही. मग जुहूच्या वाळूत छठपूजेला उभ्या राहिलेल्या बाईकडे पाहून आपल्या कपाळाला आठी का पडावी? उलट, मुंबईत राहणाऱ्याने मराठी शिकावे ही आपली अपेक्षा रास्त असेल, आणि माझ्या मते ती रास्तच आहे, तर ब्रॅडफर्डच्या मुलांना इंग्रजी आले पाहिजे म्हणणारा मुख्याध्यापक तेवढ्याने वर्णद्वेष्टा ठरत नाही.

आलेल्याने घराची भाषा आणि कायदा शिकावा. घरच्याने त्याची जात, वर्ण आणि संख्या मोजत बसू नये. हे दोन्ही एकाच दमात म्हणणारा पक्ष मला ना डावीकडे दिसतो, ना उजवीकडे. निदान आपण विद्यार्थ्यांनी तरी लंडनला एक आणि मुंबईला दुसरे अशी दोन मापे बाळगू नयेत.