पिकवणाऱ्याच्या हाती तागडी

हैदराबादच्या मेहदीपट्टणम् भागात पहाटेच्या अंधारात बसगाड्या येऊन थांबतात आणि त्यांतून आधी गाठोडी उतरतात, मग माणसे. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पालेभाजी, वांग्यांच्या पाट्या, दोडक्यांची पोती. उतरणाऱ्यांत बायका अधिक. प्रत्येकीच्या कनवटीला किंवा पिशवीत जपून ठेवलेले एक ओळखपत्र असते. ते असल्याशिवाय बाजाराच्या ओट्यावर बसता येत नाही. हा ‘रैतू बाजार’. तेलुगूतला ‘रैतू’ आणि आपली ‘रयत’ हे एकाच मुळाचे शब्द, त्यामुळे मराठी माणसाला या नावाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये हे बाजार सुरू झाले. कल्पना अगदी नवी नव्हती. पंजाबच्या मंडी बोर्डाने १९८७ साली चंदीगडला ‘अपनी मंडी’ भरवून शेतकऱ्याची आणि गिऱ्हाइकाची समोरासमोर गाठ घालून दिली होती. आंध्रपाठोपाठ नोव्हेंबर १९९९ मध्ये तमिळनाडूत मदुराईला पहिली ‘उळवर संदै’ उघडली. तिथे सरकार बदलले की बाजाराचे नशीबही बदलते. २००१ नंतर तिच्याकडे दुर्लक्ष झाले आणि २००६ मध्ये पुन्हा डागडुजी झाली. गिऱ्हाइकाला स्वस्त आणि शेतकऱ्याला जास्त, हे दोन्ही एकदम कसे जमते, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर बाजाराच्या दारातल्या फळ्यावर असते.

रैतू बाजारात रोज सकाळी शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि बाजाराचा अधिकारी मिळून भाव ठरवतात. घाऊक बाजारापेक्षा साधारण पंचवीस टक्के वर आणि आसपासच्या किरकोळ दुकानांपेक्षा साधारण पंचवीस टक्के खाली, असा तो ढोबळ हिशेब. समजा, घाऊक मंडईत वांगी किलोला वीस रुपये आहेत आणि गल्लीतल्या गाडीवर चाळीस. मग फळ्यावर पंचवीस ते तीसच्या मधला आकडा लागतो. आडत नाही, तोलाई नाही, ओट्याचे भाडे नाही. मधल्या हातांत विरघळणारे वीस रुपये दोघांत वाटले जातात, एवढेच त्यामागचे गुपित.

पण ओट्यावर बसण्याचा अधिकार मिळवणे हे पहिले दिव्य. अर्ज केला की महसूल, कृषी आणि फलोद्यान खात्यांची माणसे शेत पाहतात. जमीन कोणाची, किती, तीत भाजी कोणती आणि केव्हा येणार, याची नोंद होते आणि मग छायाचित्राचे ओळखपत्र हाती पडते. ही कटकट वाटेल, पण ती नसेल तर बाजार आठवड्याभरात व्यापाऱ्यांच्या ताब्यात जाईल. तरीही काही जण शिरतातच. ज्या ओट्यावर बारा महिने सगळ्या भाज्या हारीने मांडलेल्या दिसतात, तिथे जरा थांबून विचार करावा. शेतकऱ्याच्या पाटीत दोन-चारच भाज्या असतात, त्याही मोसमाप्रमाणे. हैदराबादच्या वेशीवर सफरचंदाची बाग असल्याचे अजून कोणी ऐकलेले नाही! (कांदे-बटाट्यांसारखा बाहेरचा माल विकायची मुभा तिथे महिलांच्या बचतगटांना दिलेली असते, ती गोष्ट वेगळी.)

या ओळखपत्राच्या पोटात आणखी एक गाठ आहे, आणि ती आपल्याकडेही तितकीच घट्ट आहे. जमिनीचा कागद बहुधा पुरुषाच्या नावाचा. खुरपणारी ती, तोडणारी ती, बाजारात बसणारीही ती, पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, ती नेमकी याच गाठीवर बोट ठेवून. ज्या घरांनी तेव्हा बायकोच्या नावे थोडी का होईना जमीन केली, त्या घरातल्या सुनेला आज एखाद्या शेतकरी गटात नाव घालायचे तर कोणाच्या सहीसाठी खोळंबावे लागत नाही.

महाराष्ट्रात वाट थोडी वेगळी. १९६३ च्या कायद्याने शेतमालाचे व्यवहार बाजार समित्यांच्या आवारात आणले. हेतू चांगला होता. वजनात मारणाऱ्या आणि पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याला वेसण घालायची होती. पुढे त्याच आवारात आडत्या बसला, आणि पहाटे आपला माल कोणत्या भावाने गेला हे शेतकऱ्याला हातात पट्टी पडल्यावरच कळू लागले. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची रीत तर कैक वर्षे चालली. २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला समितीच्या सक्तीतून मोकळा केला, आणि त्याच सुमारास राज्य कृषी पणन मंडळाने शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरवण्यास हात दिला. त्या अभियानाला अरणच्या संत सावता माळ्यांचे नाव दिले आहे. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या संताचे नाव भाजीबाजाराला मिळावे, हे सरकारी नामकरणांत क्वचितच आढळणारे औचित्य. इथे सहसा शेतकऱ्यांचे गट आणि उत्पादक कंपन्या जागा घेतात. त्यामुळे ज्याला बसायचे आहे त्याने प्रथम आपल्या तालुक्यातला असा गट शोधावा.

जागा मिळाली, आता खरी परीक्षा. पिकवणे आणि विकणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले उत्तम येणाऱ्याला दुसरे येतेच असे नाही. आधी लाज आड येते. ‘आमच्या घरात कोणी तागडी धरली नाही’ हे वाक्य अजून कित्येक वाड्यांतून ऐकू येते. पोते भरून आडत्याच्या दारात टाकण्यात कमीपणा नाही, पण तोच माल पाव-पाव किलोने विकायला बसणे मात्र हलके! पाटलाची सून बाजारात बसली की महिनाभर गावात चर्चा. पहिल्या दिवशी तोंडावर पदर येतो, आवाज फुटत नाही. शेजारची सराईत बाई ‘घ्या ताई, ताजी मेथी’ म्हणत अर्धी पाटी रिकामी करते आणि ही भवानी होण्याची वाट पाहत बसते.

लाज दोन-तीन बाजारांत जाते. हिशेब मात्र नीट मांडला नाही तर जन्मभर फसवतो. एक उदाहरण घेऊ. मेथीच्या शंभर जुड्या आहेत. आडतीवर जुडीला सहा रुपये मिळाले तर सहाशे. त्यातून गाडीभाडे, हमाली वगैरे शंभर वजा करा, पाचशे उरले. शेतकरी बाजारात जुडी दहाला लावली. पंचाहत्तर जुड्या त्या भावाने गेल्या, ऊन चढल्यावर पंधरा पाचाने काढल्या, दहा सुकल्या त्या शेळीला. एकूण आठशे पंचवीस. भाडे आणि चहापाणी पंच्याहत्तर. उरले साडेसातशे. घरात आनंदीआनंद! पण दिवसभर बसलेल्या बाईची मजुरी? ती दुसऱ्याच्या शेतात गेली असती तर समजा तीनशे मिळाले असते. ते धरले की उरतात साडेचारशे, म्हणजे आडतीपेक्षा पन्नास कमी. घरच्या बाईच्या कष्टाला मोल नाही असे मानले तरच हा धंदा फायद्याचा दिसतो, आणि कित्येक घरांत तो तसाच फायद्याचा दिसत असतो.

यावर उपाय आहे. मेथीबरोबर वांगी, गवार, मिरची असा तीन-चार तऱ्हेचा माल एकाच ओट्यावर आला की मजुरी आणि भाडे तेवढेच राहते आणि ते सगळ्या मालावर वाटले जाते. म्हणजे बदल बाजारात नव्हे, शेतात करावा लागतो. एक एकर मेथी एकदम पेरणारा शेतकरी आठवडे बाजाराच्या कामाचा नाही. मेथी महिन्याभरात काढणीला येते. दर आठ दिवसांनी एक-एक वाफा टाकला, तर दर बाजाराला शंभर जुड्या हटकून निघतात. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाही तर निबर होते. तेव्हा ती लावायची तर बाजार नसलेल्या दिवशीच्या भेंडीचे काय, हे आधी ठरवलेले बरे. गावातली खानावळ, शेजारच्या गटाची गाडी, काहीतरी सोय हवी.

मांडण्यातही शहाणपण आहे. बारीकमोठा माल वेगळा करून लावला तर दोन्हींना गिऱ्हाईक मिळते. एकत्र ठेवला तर मोठा निवडून नेतात आणि गाळ उरतो. वर टवटवीत आणि खाली किडके, ही चलाखी रस्त्यावरच्या फिरत्या विक्रेत्याला एखादे वेळी पचेल, दर शनिवारी त्याच जागी बसणारीला पचत नाही. काटा पडताळणीचा शिक्का असलेलाच हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. सुटे पैसे घरूनच न्यावेत. हल्ली मोबाइलवर पैसे घेण्याचे चौकोनी ठिपक्यांचे पान बहुतेक ओट्यांवर टांगलेले असते, पण ते ज्या खात्याला जोडलेले आहे ते खाते कोणाचे, हेही घरात एकदा बोलून घ्यावे. आणि पाटीत लोणचे, तूप, पापड ठेवायचे असतील तर शेतमालाचा नियम तिथे संपतो. त्यासाठी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी हवी.

भाव पाडून मागणारे गिऱ्हाईक रोज भेटते. मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट पैसे मोजणारी मंडळी इथे दोन रुपयांसाठी अडून बसतात आणि वर कोथिंबिरीची काडी, कढीपत्ता फुकट मागतात. सराईत बायका कढीपत्ता बांधावरूनच जास्तीचा तोडून आणतात आणि न मागता पिशवीत टाकतात. भाव मात्र सोडत नाहीत.

दुपार कलली की गोणपाट झटकले जातात. परतीच्या गाडीत बटव्यातले पैसे दोनदा मोजून होतात, आणि मग बोलणे निघते ते कोणी काय मागितले याचे. आडत्याच्या पट्टीवर आकडे असतात, पण तिच्यावर हे कधीच लिहिलेले नसते. शहरातल्या तीन बायकांनी अंबाडी आहे का म्हणून विचारले. अंबाडी घरच्यांनी कधी विकायला म्हणून लावलेली नाही, बांधाला आपोआप येते तेवढीच. पुढच्या बाजाराला ती चार-पाच जुड्या तोडून नेऊन पाहायची, आणि विहिरीलगतचा एक वाफा तिच्यासाठी मोकळा ठेवायचा, असे गाव येईपर्यंत ठरलेले असते.