‘संशोधनातून सिद्ध’ असं लिहिलंय, पण ते तपासलं कोणी?

हर्सूलसारख्या वस्तीतल्या दवाखान्यांत मधुमेहाचे रुग्ण हल्ली मोबाइल पुढे करून विचारतात, “डॉक्टर, या चूर्णानं शुगर कायमची जाते, असं संशोधनात सिद्ध झालंय. इन्सुलिन बंद करू का?” मजकुराखाली एखाद्या जर्नलचं भारदस्त नावही असतं. प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते: तो शोधनिबंध छापण्यापूर्वी त्या विषयातल्या जाणकारांनी तपासला होता का?

तपासणी कशी होते?

चांगल्या वैद्यकीय जर्नलकडे शोधनिबंध आला की संपादक तो साधारण दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतात. यालाच ‘पिअर रिव्ह्यू’ म्हणतात. हे तज्ज्ञ बहुधा नोकरी करणारे डॉक्टर किंवा प्राध्यापक असतात. ओपीडी, वॉर्ड, शिकवणं सांभाळून ते हे काम करतात. त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत आणि नावही बहुतेक वेळा गुप्त राहतं.

वरच्या चूर्णाचंच उदाहरण घ्या. समजा, २० जणांना ते महिनाभर दिलं आणि साखर कमी झाली. समीक्षक लगेच विचारेल: या लोकांच्या मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या का? जेवण बदललं होतं का? चूर्ण न घेणाऱ्यांशी तुलना केली का? एचबीए१सी ही तपासणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, मग एका महिन्यात निष्कर्ष कसा काढला? उत्तरं समाधानकारक नसतील, तर निबंध दुरुस्तीसाठी परत जातो किंवा नाकारला जातो. जो दावा असा अडवला जातो, तो तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे काम रुग्णाला कधी दिसत नाही.

या फुकटच्या कामाची किंमत किती?

एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, २०२० या एका वर्षात जगभरातल्या समीक्षकांनी १० कोटींहून अधिक तास या कामाला दिले. एकट्या अमेरिकेतल्या समीक्षकांच्या वेळेचं मोल दीड अब्ज डॉलरपेक्षा जास्त होतं. दुसरीकडे, मोठ्या प्रकाशन कंपन्या याच जर्नलमधून भरपूर कमावतात. आपलं केंद्र सरकार ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स सरकारी संस्थांना उपलब्ध करून देण्यासाठी तीन वर्षांत ६ हजार कोटी रुपये खर्च करत आहे. समीक्षकांना मोबदला का नाही, यावरून २०२४ मध्ये अमेरिकेत काही बड्या प्रकाशकांवर खटलाही दाखल झाला.

सगळीच जर्नल्स कंपन्यांची नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ निघतं. तिथल्या डॉक्टरांच्या स्टाफ सोसायटीनं ते चालवलं आहे.

तुमच्या दारापर्यंत आलेलं संशोधन

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच महिलांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जर्नलमध्ये, म्हणजे तज्ज्ञांच्या चाळणीतून गेल्यावर, प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये देशभर आशाताईंच्या गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सहा वेळा बाळाला पाहायला येतात. त्या भेटींमागे हा इतिहास आहे.

चाळणीलाही भोकं असतात

त्याच ‘लॅन्सेट’नं २२ मे २०२० रोजी कोविडमधल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर ९६ हजार रुग्णांची माहिती असल्याचं सांगणारा निबंध छापला. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. पण मूळ माहिती खरी आहे की नाही, हेच कोणाला पडताळता येईना. समीक्षकांसमोर सहसा रुग्णांच्या फायली नसतात, लेखकांनी दिलेले आकडे असतात. जगभरातल्या तज्ज्ञांनी, तेही बिनपैशानं, शंका काढल्या आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. तपासणी छापण्याआधी चुकली, पण छापल्यानंतर चालू राहिली म्हणून खोट उघडी पडली.

तपासणीच नसेल तर?

खरा धोका बोगस जर्नल्सचा आहे. पैसे भरले की चार-आठ दिवसांत निबंध छापून मिळतो. पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल्स तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात, असं दिसलं. कुठे पत्ता किंवा संपादकांची नावं नव्हती, कुठे खोटे दावे होते. त्यानंतर ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. म्हणजे चाळणी लावणारी माणसं आता आणखी महत्त्वाची झाली आहेत.

रुग्णांनी काय पाहावं?

- प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? किती जणांवर, किती काळ?
- औषध न घेणाऱ्यांशी किंवा नेहमीच्या उपचाराशी तुलना केली होती का?
- पैसा कोणी दिला? औषध विकणाऱ्यानंच का?
- ‘प्रीप्रिंट’ लिहिलं असेल, तर तज्ज्ञांची तपासणी अजून झालेली नाही.
- इतर अभ्यासांतही तेच दिसलं का? एकाच निबंधावर उपचार बदलत नाहीत.

जर्नलचं नाव पाहून इन्सुलिन, रक्तदाबाची किंवा फिटची गोळी स्वतःहून बंद करू नका. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन अचानक थांबवलं तर थोड्या काळातच जिवावर बेतू शकतं. शंका असेल तर तो मेसेज जपून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. “हे कुठे छापलंय आणि कोणी तपासलंय?” असं विचारायला संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.