युद्धविरोधाची कसोटी

युद्ध नको, असें म्हणणें सोपें. परंतु आपल्यावर राज्य करणाऱ्या सरकारच्या युद्धाला, तें चालूं असतांना, उघडपणें नकार देणें ही निराळीच गोष्ट होय. असा नकार आमच्या वर्धेच्या खोऱ्यांतच एकदां दिला गेला. त्या काळीं वर्धा नदी ही सरहद्द होती. अलीकडे राजुऱ्यास निजामाचा अंमल, पलीकडे चांद्यास इंग्रजांचा. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें जाहीर केलें, तेव्हां लोकांच्या प्रतिनिधींना कोणीं विचारलें नव्हतें. निजामानेंही इंग्रजांचीच पाठराखण केली. रयतेचें मत दोन्ही तीरांवर सारखेंच निरुपयोगी ठरलें.

१७ ऑक्टोबर १९४० रोजीं वर्ध्याजवळच्या पवनार येथें विनोबा भावे यांनीं भाषण केलें. या युद्धास माणसें वा पैसा पुरविणें अयोग्य आहे, हें त्यांच्या म्हणण्याचें सार. गांधीजींनीं त्यांना पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलें होतें. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढें २० हजारांहून अधिक लोक याच मार्गानें तुरुंगांत गेले. आपण कोठें व केव्हां बोलणार हें सत्याग्रहीनें अधिकाऱ्यांस आधीं कळवावयाचें, अशी या लढ्याची रीत होती. यांत लपवाछपवी नव्हती, कोणा शिपायाचा द्वेषही नव्हता.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं गीतेचा पाठ होतो. त्यांना सहजच प्रश्न पडेल कीं, ज्यानें १९३२ सालीं मराठीला ‘गीताई’ दिली, त्यानेंच युद्ध कसें नाकारावें? भगवंतांनीं तर अर्जुनाला लढण्यास उभें केलें! त्याच वर्षीं धुळ्याच्या तुरुंगांत केलेल्या प्रवचनांत विनोबांनीं याचा उलगडा केला आहे. अर्जुनानें पूर्वी कित्येक युद्धें केलीं होतीं. समोर आप्त दिसतांच मात्र त्याला युद्धाचे दोष सुचूं लागले. तो मोह होता, अहिंसा नव्हे.

येथेंच आपल्या घरांतील प्रश्न उभा राहतो. महायुद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्याची संख्या सुमारें २५ लाखांवर गेली होती. कोणी पोटासाठीं भरती झाले, कोणी फॅसिस्टांचा पराभव व्हावा म्हणून. त्यांना तुच्छ लेखण्याचा अधिकार युद्धविरोधकास नाहीं. आपला मुलगा घरीं राहावा आणि शेजाऱ्याचा रणांगणावर जावा, या इच्छेला तत्त्वाचें नांव देणें हा तर उघड दंभ होय.

म्हणून घरांतील एखादा तरुण सरकारच्या युद्धाविरुद्ध बोलूं लागला, तर वडील मंडळींनीं त्याला देशद्रोही म्हणण्याची घाई करूं नये. त्याला दोनच प्रश्न विचारावे. आपलें कोणी जाणार नसतें, तरी तूं हेंच म्हणाला असतास काय? आणि हें चारचौघांत बोलून त्याचा परिणाम सोसशील काय? दोहोंचें उत्तर होकारार्थी असेल, तर मतभेद ठेवूनही त्याचा मान राखावा. मात्र युद्धाचा जयघोष करणाऱ्या वडिलांनींही एका प्रश्नाचें उत्तर तयार ठेवावें: पहिला मुलगा आपल्या घरांतून पाठविण्याची आपली तयारी आहे काय?