रूळ गेले, वाट राहिली

फ्रान्सच्या बरगंडी भागात द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांतून रेल्वे धावायची. ती बंद पडली, पण पट्टा सलग राहिला. त्यावरच १९९७ साली जिव्री ते क्लूनी ही ४४ कि.मी. वाट सायकलींना आणि पायी जाणाऱ्यांना खुली झाली. मोटारींना मज्जाव. रेल्वेला खडा चढ चालत नाही, म्हणून डोंगराळ मुलूख असूनही पायडल मारताना दम लागत नाही. क्लूनीपुढचा बोगदा तर हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात! प्रवासी वाटेतल्या गावांत थांबतो, जेवतो, मळेवाल्याकडून वाइन घेतो.

हे सांगायचं कारण आपल्या पाणंदी. नकाशावर रस्ता, जागेवर कुणाचा तरी बांध. सरपंच, भाऊसाहेब, पाहुण्यांचं नंतर बघू. आधी मोजणी लावा. द्राक्षाचे क्रेट अजून डोक्यावरून बाहेर काढावे लागतात.