मिस्टर बीनपासून सुरुवात नको

ब्रिटिश विनोदी मालिका बघायच्या आहेत, कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की जाणकारांचं उत्तर तयार असतं. आधी ‘मिस्टर बीन’ बघ, त्यात भाषेची अडचणच नाही. मग ‘द ऑफिस’, पण अमेरिकन. ब्रिटिश जरा कडवट आहे. जमलं तर ‘फॉल्टी टॉवर्स’. बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नकोस, त्या तिकडच्यांनाच कळतात. त्यांच्या समाजातले वरचे-खालचे थर, गावागावांचे हेल, राजकारण हे सगळं ठाऊक असल्याशिवाय हसू यायचं नाही. आणि ब्रिटिश विनोद म्हणजे फार सूक्ष्म हो, सगळ्यांना नाही झेपत.

सल्ला आपुलकीनं दिलेला असतो, पण मुळातच चुकलेला असतो. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. परक्या रसिकाच्या हाती पहिल्यांदा द्यायची ती सगळ्यात जास्त ‘तिथली’ मालिका.

बीनशी माझं वैर नाही. 1990 ते 1995 या काळात मोजके भाग निघाले आणि जगभर गाजले, ते काही उगाच नव्हे. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजाऱ्याच्या पेपरात डोकावण्याची त्याची धडपड आजही पोट धरून हसवते. पण बीन हा विदूषक आहे. जाक तातीच्या मूकपटांसारख्या सिनेमांशी त्याचं नातं जुळतं. सिटकॉमच्या घराण्याशी त्याचा संबंध बेताचाच. त्याला घरची माणसं नाहीत, साहेब नाही, जिच्यापुढे इभ्रत सांभाळावी अशी शेजारीण नाही. सिटकॉमचं पात्र कुणाला ना कुणाला बांधलेलं असतं, आणि त्या दाव्याला हिसके देत असतं. बीन मोकळा सुटलेला आहे. त्याच्यापासून सुरुवात केलेला माणूस ब्रिटिश सिटकॉमच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही.

‘तिकडच्यांनाच कळतं’ या म्हणण्याला उत्तर द्यायला एकटी हायसिंथ पुरेशी आहे. रॉय क्लार्कची ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ हीसुद्धा 1990 ते 1995 मधलीच. हायसिंथचं सासरचं आडनाव बकेट, म्हणजे सरळसरळ बादली. पण बाई ते फ्रेंच थाटात ‘बुके’ असं उच्चारते आणि समोरच्यालाही तसंच उच्चारायला लावते. पॅट्रिशिया राउटलेजनं ही बाई अशी उभी केली आहे की नुसता फोन वाजला तरी आपण सावरून बसतो. माहेरची माणसं ही तिची दुखरी नस. मेहुणा ऑन्स्लो बनियनवर बिअर पीत टीव्हीसमोर पसरलेला, घरापुढे मोडकी गाडी, गाडीत भुंकणारा कुत्रा. शेजारची एलिझाबेथ तिच्याकडे कॉफीला येते, तेव्हा भारी कपबशी हातून फुटेल या धास्तीनं तिचे हात कापायला लागतात, आणि हात कापतात म्हणूनच कॉफी सांडते. कुणी कुणाला कसं बोलवायचं, कोणती बशी कुणापुढे ठेवायची, कोणाशी ओळख सांगायची आणि कोणाची लपवायची, यातली गोष्ट न् गोष्ट इंग्लंडच्या मध्यमवर्गातली आहे. जाणकारांच्या हिशेबानं या मालिकेनं इंग्लिश खाडी ओलांडायलाच नको होती. प्रत्यक्षात बीबीसीच्या परदेशी विक्रीचा हिशेब 2016 मध्ये बाहेर आला, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा विकली गेलेली मालिका हीच निघाली.

हे कसं काय? कारण साधं आहे. चांगला सिटकॉम आपले नियम स्वतःच शिकवतो. इंग्लंडात कोणत्या आडनावाला काय मान, हे प्रेक्षकाला आधी माहीत असावं लागत नाही. नियम मोडण्याची भीती पात्राच्या चेहऱ्यावर उमटली की नियम आपसूक कळतो. एलिझाबेथच्या हातातली बशी खुळखुळायला लागली की हायसिंथच्या घरची सगळी घटना पाठ होते. आणि हा खुळखुळाट जितका नेमका, तितका तो लांबवर ऐकू येतो. मोघम ‘श्रीमंतीचा तोरा’ दाखवला असता तर ती मालिका लेस्टरच्या पुढेही गेली नसती.

‘डॅड्स आर्मी’चंही तेच. 1968 ते 1977, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिलेले ऐंशी भाग. दुसरं महायुद्ध, वय किंवा तब्येतीमुळे फौजेत न घेतलेल्यांची होमगार्ड, समुद्रकाठचं एक काल्पनिक गाव. बँकेचा मॅनेजर मेनवारिंग इथं कॅप्टन झाला आहे आणि त्याच्याच बँकेतला हेडक्लार्क विल्सन त्याचा सार्जंट. पण विल्सन बड्या घरचा, बड्या शाळेत शिकलेला, आणि मेनवारिंग स्वतःच्या कष्टानं वर आलेला. विल्सन जवानांना रांगेत उभं करताना ‘जरा रांग करता का, मेहेरबानी होईल’ अशा सुरात बोलतो, तेव्हा मेनवारिंगच्या, म्हणजे आर्थर लोच्या, ओठांची जी हालचाल होते ती बघावी. इंग्लंडातल्या शाळांची उतरंड समजून घ्यायला तेवढी पुरते. हाताखालचा माणूस आपल्यापेक्षा खानदानी आहे, हे शल्य कुठल्या ऑफिसात नसतं?

त्यातला एक प्रसंग तिकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पकडलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान धमकावतो की आम्ही जिंकल्यावर बघून घेईन, सगळ्यांची नावं टिपून ठेवतोय. पथकातला सगळ्यात लहान पोरगा पाईक हिटलरची टवाळी करणारं गाणं म्हणतो. कप्तान त्याचं नाव विचारतो. मेनवारिंग ताडकन ओरडतो, सांगू नकोस त्याला, पाईक! बस, एवढंच. यात हसण्यासाठी महायुद्धाचा इतिहास कशाला हवा? शहाणपणा मिरवणाऱ्या साहेबानं आयुष्यात कधीतरी तुमची बाजू घेतलेली असली म्हणजे झालं.

याच प्रसंगानं ‘सूक्ष्म विनोदा’च्या बाताही उघड्या पडतात. ब्रिटिश विनोद म्हणजे बुद्धीची कसोटी, ही समजूत तो विनोद आवडणाऱ्यांनीच पसरवली आहे. त्यात त्यांची सोय आहे, कारण मग आपण आपोआप बुद्धिमान ठरतो. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’मधला डेल बॉय ऐटीत बारच्या काउंटरला रेलायला जातो आणि काउंटरची फळी वर उचललेली असल्यानं आडवा कोसळतो. तो क्षण तिकडे पिढ्यान् पिढ्या पुन्हा पुन्हा दाखवला जातो. पडणं पडणंच असतं, त्यात सूक्ष्म काय? ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये हॉटेलात पाहुणे जेवायला खोळंबले आहेत, हॉटेलमालक बेसिल बाहेरून बदक आणायला गेला आहे आणि गाडी रस्त्यात बंद पडते. तो गाडीला रीतसर ताकीद देतो, तीन आकडे मोजतो, खाली उतरतो, झाडाची फांदी मोडून आणतो आणि गाडीला बडवतो. पण हसू फांदीमुळे येत नाही. मारण्याआधी त्यानं गाडीला सुधारण्याची संधी दिली, याला हसू येतं. कौशल्य आहे ते तिथवर आणून सोडण्यात. समोर जे घडतं ते अगदी ढोबळ असतं, आणि ते शेंबड्या पोरालाही कळतं.

‘यस मिनिस्टर’ तर म्हणे अवघडच. व्हाइटहॉल, खाती, समित्या, आणि सचिव सर हंफ्री यांची कर्ता सापडेपर्यंत श्वास संपावा अशी वाक्यं. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी 1980 पासून लिहिलेली ही मालिका मराठी माणसाला अवघड वाटेल, असं म्हणणाऱ्यानं मंत्रालयाची पायरी चढलेली दिसत नाही. एका भागात मंत्रिमहोदयांना कळतं की एका नव्या कोऱ्या इस्पितळात प्रशासनाचे नि इतर पाचशे कर्मचारी आहेत आणि रुग्ण एकही नाही. ते चौकशीला जातात, तर सगळे कामात बुडालेले! इस्पितळ उत्तम चाललंय, स्वच्छतेत अव्वल आहे; रुग्ण आले तर सगळी घडी विस्कटेल. आपल्या सचिवालयाची घडी मुळात इंग्रजांनीच घालून दिलेली, तेव्हा इथं ओळख पटायला वेळ लागत नाही. 2001 साली स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ नावानं हीच मालिका हिंदीत आली, फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. दोघंही कसलेले नट. तरी मी मूळच द्या म्हणेन, कारण रूपांतराची गरजच नव्हती; जे समजावून सांगायचं ते आपल्याला आधीच सोसून झालं होतं. ज्यांच्या कारभाराची टिंगल चालली होती त्या पंतप्रधान थॅचरबाई मूळ मालिकेच्या भक्त होत्या आणि 1984 मध्ये तिच्यातल्या नटांबरोबर त्यांनी स्वतः एक छोटा प्रवेशही केला. तो प्रवेश मात्र सुचवू नये.

यावर प्रतिपक्ष विचारेल, इतकं स्थानिक जर इतकं सहज पोचतं, तर अमेरिकेनं या मालिकांची रूपांतरं का केली? बघू या. ‘फॉल्टी टॉवर्स’वरून अमेरिकेनं 1983 मध्ये ‘अमांडाज’ काढली, तिच्यातून बेसिल हे पात्रच गाळलं, आणि ती चालली नाही. साहजिक आहे. बेसिल उमरावापुढे लोटांगण घालतो, इतरांना तुच्छ लेखतो आणि बायकोला टरकतो. टॉर्कीच्या त्या हॉटेलातून हे काढून घेतलं की मागे नुसती आरडाओरड उरते. उलट ‘स्टेप्टो अँड सन’चं ‘सॅनफर्ड अँड सन’ झालं ते गाजलं, कारण लंडनचे भंगारवाले बापलेक उचलून लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतल्या कृष्णवर्णीय बापलेकांना आणून बसवले. एक गाव गेलं, पण त्याच्या जागी दुसरं अस्सल गाव आलं. ‘द ऑफिस’च्या अमेरिकन अवतारानंही 2005 चा पहिला भाग जवळजवळ ब्रिटिश संहितेवरच केला, तो सगळ्यात फिका. आपलं गाव, स्क्रँटन, गवसल्यावर मालिकेला रंग चढला. तेव्हा रूपांतरांचा दाखला माझ्या विरुद्ध जात नाही.

खरी अडचण आपल्याच लाडक्या मालिकेची आहे. आपल्याकडे कितीतरी जणांना ब्रिटिश सिटकॉम म्हणजे ‘माइंड युअर लँग्वेज’. 1977 ची, लंडनमधला इंग्रजीचा वर्ग, त्यात शीख, पाकिस्तानी, जपानी, इटालियन विद्यार्थी. ‘जबान संभालके’तून पंकज कपूरनं तो वर्ग हिंदीत आणला, आणि माझ्या मते तो मूळ वर्गाहून सरस होता. मूळ मालिकेवर वंशवादाचा आरोप झाला, त्याच कारणानं ती बंदही पडली, आणि आरोप खोटा नाही. पण मी ती सुचवत नाही, त्यामागचं माझं कारण वेगळं आहे. त्या वर्गातलं कुणीच कुठून आलेलं नाही. प्रत्येकाला एक देश आणि एक सवय वाटून दिली आहे. शीख माफ्या मागणार, जपानी वाकणार. रणजित सिंग कोणत्या गावचा, त्याला कुणाची भीती, लंडनमध्ये तो कुणापुढे इभ्रत राखतो, हे लेखकाला सुचलंही नाही.

‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (1974 ते 1981) ही तर सुरुवातीला चक्क आपल्या देवळालीत घडते. छावणीतल्या ब्रिटिश सैनिकांची नाटकमंडळी, आणि त्यांचा हरकाम्या रंगी राम, जो रंगवलेल्या तोंडाच्या मायकेल बेट्सनं केला. बीबीसी ती आता पुन्हा दाखवत नाही. जिमी पेरी फौजेत असताना स्वतः देवळालीला होता, त्यामुळे आघाडीवर जायचं टाळण्यासाठी चाललेल्या त्या सैनिकांच्या लटपटी आणि सार्जंट मेजरचा संताप हे जिवंत आहे. देवळाली मात्र नुसता रंगवलेला पडदा. नाशिकरोडच्या माणसाला ही मालिका केवळ ‘तुमच्याकडची’ म्हणून द्यायला जाल, तर त्याच्या हाती नावाची पाटी तेवढी लागेल.

बारीकसारीक आक्षेपांत फार वेळ घालवत नाही. मागचा हशा खोटा असतो म्हणतात. बहुतेक जुन्या मालिका स्टुडिओत बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांपुढे चित्रित झाल्या आहेत. भाग फार कमी असतात म्हणतात. सगळं एकदोघांनीच लिहायचं म्हटल्यावर कधी कधी बाराच भाग निघणार, आणि ‘फॉल्टी टॉवर्स’चा तेरावा भाग मला नकोच आहे. उच्चार कळत नाहीत, ही तक्रार खरी. सबटायटल्स लावा, त्यात कमीपणा नाही.

तर सुचवायचं कसं? समोरच्याला काय आवडतं हे विचारू नका. कशाचा जाच होतो ते विचारा. सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्याला ‘यस मिनिस्टर’मधलं ते रिकामं इस्पितळ द्या. सोसायटीच्या कमिटीत अडकलेल्याला मेनवारिंग. कॉलेजातल्या पोरांना लिसा मॅकगीची ‘डेरी गर्ल्स’, 1990 च्या दशकातलं उत्तर आयर्लंड. त्यात कॅथलिक मुली आणि प्रोटेस्टंट मुलांना एकत्र आणून फादर विचारतात, तुमच्यात सारखं काय आहे ते सांगा, फळ्यावर लिहायचं आहे. सारखं काही सुचत नाही. फरकांनी मात्र फळा भरून जातो, अगदी प्रोटेस्टंट लोक टोस्टर कपाटात ठेवतात इथपर्यंत. तो फळा बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियमनं पुढे प्रदर्शनात मांडला. मिश्र विवाहाची पहिली बैठक पाहिलेल्या घराला हा भाग समजावून सांगावा लागणार नाही.

आणि भावकीत वाटणी झालेल्या घराला गॅल्टन-सिम्प्सन या लेखकजोडीच्या ‘स्टेप्टो अँड सन’चा 1972 मधला ‘डिव्हायडेड वी स्टँड’ द्या. बापाशी पटत नाही म्हणून मुलगा हेरॉल्ड घराच्या मधोमध भिंत घालतो. ये-जा करायला फिरतं फाटक बसवतो. टीव्हीसुद्धा मधोमध, अर्धा बापाचा, अर्धा लेकाचा, आणि कोण काय बघणार यावरून भिंतीच्या दोन्ही बाजूंनी महाभारत. शेवटी घराला आग लागते आणि दोघं इस्पितळात पोचतात, तर खाटा शेजारी-शेजारीच. मालिकेचे आधीचे भाग बघितले नसले तरी अडत नाही. फक्त वाटणीचा दावा अजून कोर्टात चालू असेल, तर निकाल लागेपर्यंत थांबा.